जादूगार ओळखावा कसा?
क्लासिक रॉकच्या नवशिक्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शिका, स्वाध्यायासह

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

डेक्कनच्या हाँगकाँग लेनमधून तुम्ही काळा टी-शर्ट घेतलात. घासाघीस करून पन्नास रुपये उतरवलेत. छातीवर पंख पसरलेला एक उघडा माणूस आहे आणि वर 'लेड झेपलिन' असे लिहिले आहे. इथवर सगळे सुरळीत चालले होते. मग फर्ग्युसन रस्त्यावरच्या टपरीपाशी पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ तुमच्या छातीकडे बघत विचारतो, "काय रे, यांच्या कुठल्या गाण्यात गॉलम येतो?" तुम्ही चहा संपलेला असतानाही ग्लास तोंडाला लावता.

तो गृहस्थ बहुधा मीच असतो. पुन्हा भेटलो तर तुमची फजिती होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

विषय असा: साधारण १९६५ ते १९८५ या वीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉक बँडांनी अद्भुतकथांमधून जादूगार, राक्षस, तलवारी आणि धुक्यातले डोंगर असा बराच माल उचलला. तो कुठून उचलला, का उचलला आणि कितपत पचला, हे सांगता आले की तुम्ही उत्तीर्ण.

साहित्य

१. गाणी. तुमच्या फोनमध्ये सगळीच आहेत. आमच्या वेळी ती कॅसेटमध्ये भरून घ्यावी लागत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू संपली की गाणे जिथे असेल तिथे तुटे, आणि दुकानदार पैसे मात्र पूर्ण गाण्याचे घेई.

२. जे. आर. आर. टॉल्किनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद घ्या. तो पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सने काढला आहे, तेव्हा 'मिळत नाही' ही सबब चालणार नाही.

३. शंभर पानी वही.

४. आजी, एक नग. स्वतःची नसल्यास शेजारची चालेल. उपयोग पुढे येईल.

पायरी पहिली: आधी सनावळी बघा

टॉल्किनचे 'द हॉबिट' १९३७चे आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५चे. मग रॉकवाल्यांना ते सापडायला दहा-बारा वर्षे का लागली? उत्तर पुण्यातल्या फुटपाथवर पुस्तके घेतलेल्या माणसाला लगेच कळेल. पुस्तक महाग होते. १९६५ साली अमेरिकेतल्या एस बुक्स या प्रकाशनाने कॉपीराइटमधली एक फट शोधून, लेखकाला न विचारता, ७५ सेंटला स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. टॉल्किन चिडला. अधिकृत स्वस्त आवृत्ती घाईने काढावी लागली आणि तिच्या पाठीवर त्याने वाचकांना विनवले की हयात लेखकाची चाड असेल त्यांनी हीच प्रत घ्यावी. या भांडणात पुस्तकाची फुकट जाहिरात झाली आणि ते विद्यार्थ्यांच्या झोळीत जाऊन पडले. त्याच झोळीवाल्यांपैकी काहींच्या दुसऱ्या खांद्यावर गिटार होती.

खुद्द टॉल्किनला या गिटारवाल्यांचे काडीचेही कौतुक नव्हते. १९६४च्या एका पत्रात त्याने तक्रार केली आहे की शेजारपाजारची काही पोरे बीटल्स होण्याच्या नादाला लागली आहेत आणि त्यांचा सराव चालू असला की तो आवाज असह्य होतो. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोलताशा पथकांचा सराव सुरू झाला की पुण्यातले पुष्कळ लेखक याच भाषेत पत्रे लिहितात. फरक इतकाच की पथकातले कोणी त्यांच्या कादंबऱ्यांवर गाणी रचत नाही.

वहीत लिहा: टॉल्किन हा एकटाच पुरवठादार नव्हता. पिंक फ्लॉइडने १९६७ साली आपल्या पहिल्या अल्बमचे नाव केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणावरून घेतले. त्याच वर्षी जेफरसन एअरप्लेनचे 'व्हाइट रॅबिट' आले. त्यातला ससा लुईस कॅरलच्या ॲलिसचा.

पायरी दुसरी: गाव बघा

टॉल्किन चार वर्षांचा असताना त्याची आई मुलांना घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहायला आली. ओढा, पाणचक्की, कुरणे. चार वर्षे ते तिथे राहिले आणि पुढे हॉबिटांच्या गावाचे, म्हणजे 'शायर'चे, चित्र त्याने त्याच आठवणींतून काढले. नंतर शहराने ते खेडे पोटात घेतले. कोथरूडची शेते ज्यांनी पाहिली आहेत त्यांना जास्त समजावायला नको.

आता त्याच बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात चला. कारखान्यांची वस्ती. टोनी आयॉमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात घालतो आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावतो. बोटांना घरी केलेल्या टोप्या चढवून तो गिटार वाजवतच राहतो. त्याचा बँड म्हणजे ब्लॅक सॅबथ. १९७०च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधले 'द विझर्ड' हे गाणे टॉल्किनच्या गँडाल्फ या जादूगारावरून सुचले, असे शब्द लिहिणाऱ्या गीझर बटलरने सांगितले आहे.

म्हणजे एकाच शहराने गिळलेले खेडे म्हाताऱ्याने पुस्तकात जपले, आणि त्याच शहराच्या धुरात वाढलेल्या पोरांना त्यातला जादूगार सापडला. पाइपमधून धूर काढणारा म्हातारा आला की सगळे बरे होते, या कल्पनेची गरज टॉल्किनच्या ऑक्सफर्डपेक्षा ॲस्टनला जास्त होती. गाण्यात जादूगार दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा: याला बोलावले कोणी आणि बोलावणाऱ्याच्या खिडकीतून काय दिसत होते?

पायरी तिसरी: नाव सापडले म्हणजे गोष्ट सापडली असे नव्हे

नवशिके सगळ्यात जास्त इथेच घसरतात, म्हणून थोडे थांबू.

लेड झेपलिनचे 'रॅम्बल ऑन' १९६९चे. आम्ही ते ऐकले १९८८ साली, नारायण पेठेतल्या वाड्यात, आतेभावाच्या माळ्यावर. शब्द छापलेले कुठेच नव्हते, म्हणून कॅसेट मागे-पुढे करत ऐकायचे आणि वहीत उतरवायचे असा उद्योग चाले. 'गॉलम' आम्हाला 'गॅलन' ऐकू आला. दोन दिवस खल करून हे गाणे पेट्रोलच्या टंचाईवर आहे असा निष्कर्ष आम्ही काढला आणि समासात तशी टीपही लिहिली. गाणे १९६९चे आणि तेलसंकट १९७३चे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. पायरी पहिली विसरले की असे होते.

पुढे कॉलेजातल्या एकाने खरे शब्द सांगितले आणि पुस्तकही दिले. तेव्हा नवीनच घोटाळा झाला. गाण्यात नायकाला मॉर्डरच्या मुलखात एक सुंदर मुलगी भेटते आणि गॉलम तिला घेऊन पसार होतो. पुस्तकात असे काहीही नाही. पुस्तकातल्या गॉलमला अंगठी सोडून जगात कशाचीच हाव नाही, आणि मॉर्डर हा खलनायकाचा मुलूख मुलींना भेटायचे ठिकाण तर मुळीच नाही. आतेभाऊ हिरमुसला. "याने पुस्तक वाचलंच नाही," म्हणाला.

आजी खाली शेंगा सोलत होती. "काय झालं रे?"

आम्ही गोष्ट सांगितली. एक भटक्या, एक सुंदर बाई, दुष्ट प्राण्याने ती पळवली, आता हा रानोमाळ शोधत हिंडतो आहे.

"मग त्यात न कळण्यासारखं काय आहे?" आजी म्हणाली. "नाव बदललं, बाकी सीताहरणच की."

झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याने पुस्तक वाचले होते आणि चांगले वाचले होते. त्याला गोष्ट सांगायचीच नव्हती. बाईमागे भटकणाऱ्या माणसाची गाणी रॉकमध्ये पैशाला पासरी होती. त्या भटकंतीला अंधार आणि अंतर हवे होते, आणि 'मॉर्डर' या एका शब्दात दोन्ही आयते मिळत होते. पट्टीच्या कीर्तनकाराने मध्येच 'लंका' म्हणावे आणि पुढचे श्रोत्यांनी समजून घ्यावे, तसे.

१९७१च्या 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये हेच जास्त ताकदीने होते. अंगठीमागचे काळे स्वार त्यात आहेत, पण प्लांटने तेव्हा वाचलेला स्कॉटलंडच्या लढायांचा इतिहासही त्यात मिसळला आहे. झेपलिनचा गिटारवाला पेज मँडोलिन वाजवतो आणि प्लांटला साथ देते सँडी डेनी. झेपलिनच्या रेकॉर्डवर बाहेरची गायिका आली ती एवढ्या एकाच गाण्यात. नकाशा पुढ्यात ठेवून हे गाणे ऐकाल तर चुकाल. डोळे मिटून ऐका.

पायरी चौथी: शब्द लिहिले कोणी ते तपासा

आपल्याकडे गाणे लावले की गीतकार कोण हे आधी सांगतात. रॉकमध्ये ही सवय नाही, पण शोधल्यास मौज आहे. कॅनडातल्या रश या बँडचे शब्द नील पर्ट लिहीत असे आणि तो होता ड्रमर. ढोलपथकातल्या टिपरूवाल्याने मिरवणूक संपल्यावर घरी जाऊन खंडकाव्य लिहावे, तसला प्रकार. त्याने १९७५ साली 'रिव्हेंडेल' लिहिले, टॉल्किनच्या एल्फांच्या निवांत दरीवर. त्यात ड्रम जवळपास नाहीतच. आपले वाद्य बाजूला ठेवण्याइतका मोठेपणा लेखकात क्वचित दिसतो.

हॉकविंड या बँडने तर मधला दलालच काढून टाकला. शापित तलवार बाळगणाऱ्या एल्रिकचा जनक, कादंबरीकार मायकेल मूरकॉक, स्वतःच त्यांच्यासाठी लिहू लागला आणि रंगमंचावर उभाही राहिला. ब्लू ऑयस्टर कल्टच्या 'ब्लॅक ब्लेड'मागेही तोच.

सगळेच लेखक इतके उदार नव्हते. आयर्न मेडनला १९८३ साली फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीवर गाणे करायचे होते. हर्बर्टने नाव वापरायची परवानगी नाकारली. गाणे आले, पण दुसऱ्या नावाने. आणि 'सिल्मारिलियन' हे टॉल्किनच्या पुस्तकाचे नाव घेऊन निघालेल्या एका बँडने लवकरच पुढची अक्षरे छाटून 'मरिलियन' एवढेच ठेवले. शहाणपण कधी कधी कात्रीने येते.

पायरी पाचवी: आपलाच माल परत आला तर ओळखा

१९७३ साली येस बँडचा गायक जॉन अँडरसन परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचत होता. त्यात एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची चार अंगे सांगितली आहेत. त्या तळटीपेवरून त्याला 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' सुचला. दोन रेकॉर्डी, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच गाणे, सगळे मिळून सुमारे ८० मिनिटे.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. सत्तेचाळीस वर्षे पाठभेद तपासणाऱ्या त्या पंडितांपैकी कोणी एका तळटीपेच्या जोरावर ऐंशी मिनिटे बोलू लागला असता, तर त्याला चहा देऊन बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण हसण्याआधी एक गोष्ट टिपून ठेवा. टॉल्किनचे एल्फ आणि आपली पुराणे त्या पोरांच्या लेखी एकाच फडताळात होती. लांबचा मुलूख, जुनी भाषा, मोठे शब्द. झेपलिनचे 'काश्मीर' प्लांटला सुचले ते मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर. त्यातले काश्मीर नकाशात शोधू नका.

त्यांना दोष द्यायला जाऊ नका, कारण आपणही तेच केले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात बसून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या आणि त्याही इंग्रजीवरून. बगदाद त्यांनी कधी पाहिले नव्हते. मराठी पोरांच्या चार पिढ्यांचे काही बिघडले नाही.

पायरी सहावी: देखाव्याला भुलू नका, पण देखावा चुकवूही नका

रिक वेकमन या कीबोर्डवाल्याने १९७५ साली राजा आर्थरच्या कथांवर अल्बम केला आणि लंडनच्या वेम्बलीत त्याचे प्रयोग लावले. सभागृहात दुसऱ्या कार्यक्रमासाठी बर्फ घातलेला होता. मग आर्थरचे सरदार बर्फावर घसरत लढले, शेजारी वाद्यवृंद, आणि मध्ये झगा घालून वेकमन. खर्चाने तो कंगाल व्हायची वेळ आली.

ब्लॅक सॅबथने १९८३च्या दौऱ्यासाठी स्टोनहेंजच्या शिळांचा देखावा करवला. मापात फूट आणि मीटरचा घोळ झाला आणि शिळा अशा आल्या की बहुतेक सभागृहांत मावेनात. पुढच्याच वर्षी आलेल्या 'धिस इज स्पायनल टॅप' या विनोदी चित्रपटात याच्या उलट होते: कागदावर फुटाऐवजी इंचाची खूण पडते आणि अठरा इंचांचे स्टोनहेंज मंचावर उतरते.

ज्याने पेठेतल्या मंडळात वर्गणी गोळा केली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. आमच्या मंडळाच्या हलत्या देखाव्यात एका वर्षी बकासुराचा हात मोटरवर वर-खाली व्हायचा होता. हात वर गेला तो पाचव्या दिवसापर्यंत वरच राहिला. लोकांना वाटले, आशीर्वाद देतोय. काहींनी नमस्कारही केला. अद्भुतकथेचे वजन मोटरला पेलत नाही. पण मोटर बंद पडली तरी नमस्कार करणारे भेटतात. रॉकच्या त्या सगळ्या झग्यांकडे आणि धुराकडे याच समजुतीने पाहा.

पायरी सातवी: पसरणी घाट चढा

ही पायरी प्रात्यक्षिकाची. स्वारगेटहून निघा, सातारा रस्त्याने वाई गाठा, पसरणी घाट चढून पाचगणीला उतरा. स्ट्रॉबेरी नंतर. आधी सेंट पीटर्स शाळेकडे बघा.

झांझिबारच्या बल्सारा या पारशी कुटुंबातला फारुख १९५५ साली, आठ वर्षांचा असताना, बोटीने निघून या शाळेत आला. पियानो शिकला. 'फ्रेडी' हे नाव त्याला इथेच चिकटले. १९५८ साली मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि शाळेच्या कार्यक्रमांत पियानो बडवला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले.

त्याच्या क्वीन या बँडचे पहिले दोन अल्बम, १९७३ आणि १९७४चे, काढून ऐका. पऱ्यांच्या राजावर गाणे आहे आणि त्यातल्या काही प्रतिमा रॉबर्ट ब्राउनिंगच्या बासरीवाल्याच्या कवितेतून घेतलेल्या. राक्षसांच्या लढाईवर गाणे आहे. रिचर्ड डॅड या चित्रकाराने वेड्यांच्या इस्पितळात रंगवलेल्या, पऱ्यांनी गजबजलेल्या एका चित्रावर आख्खे गाणे आहे. आणि 'सेव्हन सीज ऑफ राय' आहे.

यातला राय हा देश टॉल्किनच्या नकाशात नाही, ब्राउनिंगकडे नाही, कुणाकडेच नाही. तो आपल्याच डोक्यातून आला, असे फ्रेडीने सांगितले आहे. नवशिक्यांनी ही ओळ अधोरेखित करावी. इतरांनी जादूगार उसना आणला. याने राज्यच स्वतःचे वसवले.

ते पाचगणीत वसले का, हे विचारू नका. एवढेच लक्षात घ्या की घरापासून समुद्रापलीकडे, वसतिगृहात वाढलेला तो पोरगा होता. आणि 'परी' हा शब्द पारशांकडे आणि मराठीकडे एकाच फारशीतून आला आहे.

नेहमीच्या चुका

• प्रत्येक गाण्यात अंगठी शोधणे. काही गाण्यांतली अंगठी साखरपुड्याची असते.

• 'यांनी सगळं आपल्याकडून चोरलं' असे टपरीवर जाहीर करणे. पायरी पाचवी पुन्हा वाचा.

• टी-शर्टवरचा बँड आणि ऐकलेला बँड वेगळा असणे. ही चूक मी पाहतो आणि माफ करतो.

स्वाध्याय

प्र. १. जोड्या लावा. अ गट: हॉकविंड, रश, ब्लॅक सॅबथ, क्वीन. ब गट: ड्रमरने लिहिलेली एल्फांची दरी, पाचगणी, पत्र्याचा कारखाना, शापित तलवार.

प्र. २. कारणे द्या: (अ) टॉल्किनला स्वस्त आवृत्तीच्या पाठीवर विनंती छापावी लागली. (आ) मॉर्डरमध्ये मुलगी भेटली.

प्र. ३. योग्य की अयोग्य ते लिहा: 'काश्मीर' ऐकण्यापूर्वी श्रीनगरचे तिकीट काढणे आवश्यक आहे.

प्र. ४. (तोंडी परीक्षा) कोणतेही एक गाणे आजीला तिच्या भाषेत सांगा. तिने पुढची गोष्ट ओळखली तर पूर्ण गुण.

चौथ्या प्रश्नाचे नमुना उत्तर देतो. आतेभावाने तेव्हा क्वीनच्या त्या गाण्याचे नुसते नाव मराठीत सांगितले होते: राय देशाचे सात समुद्र. आजी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "साता समुद्रापलीकडचं ना? मग राक्षसाचा जीव पोपटात असणार." तिने गाणे ऐकले नव्हते आणि पुढे ऐकवले तेव्हा 'आवाज कमी करा' म्हणाली. पण अशा देशात कसे शिरायचे हे तिला ठाऊक होते.

तेव्हा टी-शर्ट खुशाल घाला. पुढच्या वेळी टपरीवर भेटलो तर गॉलम कुठे येतो हे मी विचारणार नाही. तुमच्या आजीच्या गोष्टीतला राक्षस कुठे राहायचा, ते विचारीन. त्याचे उत्तर तयार ठेवा. चहा माझ्याकडून.